टेंभरे गुरुजींचा मंगळ

टेंभरे गुरुजी आकाशाकडे कधी बोट दाखवत नसत.

कुणी विचारलं, "शुक्र कुठं आहे गुरुजी?" की ते दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि तोंडानं वाट सांगायचे. "ते मोहाचं वाकडं झाड दिसते न, त्याच्या शेंड्यापासून सरळ वर या. आले? आता जरासे डाव्या हाताले. सगळ्यात मोठा, लुकलुकत नाही, तो." समोरच्यानं "दिसला" म्हटलं तरी ते लगेच सोडायचे नाहीत. त्याच्या मागं जाऊन उभे राहायचे, गुडघे वाकवून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचे आणि विचारायचे, "खात्री आहे?"

हे त्यांचं शाळेतलंच वाक्य होतं म्हणे. गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी ते पोराला विचारायचे, "खात्री आहे?" आणि पोरगं गडबडून बरोबर उत्तर खोडून टाकायचं. गावातले चाळिशी ओलांडलेले बाप्येसुद्धा हे वाक्य ऐकलं की अजून जरा चपापायचे.

मी सालेकसा तालुक्यातल्या त्या गावात शिक्षिका म्हणून गेले, तेव्हा गुरुजींना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मी तिरोड्याची. आमच्याकडं धानाचे बांध, चोरखमाऱ्याचा कालवा, सगळं सपाट. इथं गावाच्या पाठीशी पहाड. पहाड म्हणावा एवढा काही तो मोठा नव्हता, पण गावात त्याला पहाडच म्हणत, आणि मोबाईलची रेंज फक्त त्याच्या माथ्यावर मिळायची. पहिल्या आठवड्यातच आईशी बोलायला मी संध्याकाळी वर चढले, तर माथ्यावर एक उंच, पाठीत वाकलेला म्हातारा हाफ शर्टावर मफलर गुंडाळून उभा.

"रेंज पायजे का?"

"हो."

"मंग त्या दगडाजवळ जा. पण चप्पल इथंच काढा. तिथं मडावीचे देव आहेत."

दगडाला शेंदूर नव्हता. शेजारी बांबूला पिवळा झेंडा, खाली मातीचे दोन घोडे. मी चप्पल काढली, आईशी बोलले, रडले थोडी. परत आले तर गुरुजी तिथंच होते. रडणं ऐकलं असणार, पण त्याबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "झालं बोलणं? आता दोन मिनिटं वर पाहा. थोडं हलकं वाटते."

तशी ओळख झाली. पुढं मी फोन नसला तरी वर जाऊ लागले.

आकाश पाहणारा माणूस मान वर करून चालत असेल असं आपल्याला वाटतं. गुरुजी कायम पायाखाली पाहून चालायचे. गावातून पहाडाकडे सरळ रस्ता होता, बैलगाडी जाईल एवढा. पण गुरुजी त्या रस्त्यानं जात नसत. ते शाळेमागून वळून धानाच्या बांधावरून जायचे. वाट दुप्पट लांब, पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल. मी एकदा विचारलं, "गुरुजी, सरळ रस्ता सोडून इकडून कायले?" त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची सवय.

आणखी एक सवय होती. पहाडावरून उत्तरेला रेल्वेची लाइन दिसते. संध्याकाळी दरेकसाकडं पॅसेंजर जायची, डब्यांच्या उजेडाची माळ झाडीतून सरकत जायची. गाडीचा आवाज आला की गुरुजी बोलता बोलता थांबायचे. अर्ध्या वाक्यावर. गाडी बोगद्यात शिरून आवाज पूर्ण मिटेपर्यंत ते तोंड उघडत नसत. मग राहिलेलं वाक्य तिथूनच पुढं चालू.

सुकलाल मडावी दगडाजवळच्या त्या गोंडी देवांचा पुजारी. तो कधी कधी वर यायचा आणि गुरुजींची गंमत करायचा. "माझे देव जमिनीवर आहेत गुरुजी, अन् तुमचे वर. माझ्यावाले कोंबडं खाऊन गप बसतात. तुमचे काय खातात?"

गुरुजी हसायचे नाहीत. म्हणायचे, "माझे देव नाहीत ते, सुकलाल. नुसते गोळे आहेत."

गावात त्यांना कुंडलीवाले गुरुजी म्हणत. मला ते आधी कळेना. त्यांच्या घरी ना पंचांग, ना पाटी, ना कुणाची ये-जा. बायको आधीच गेलेली, मुलगा रायपूरला. मडावीनं सांगितलं की एके काळी गुरुजींच्या अंगणात लग्नसराईत बैलगाड्या लागायच्या. आमगाव, सालेकसा, पार लांजीपर्यंतचे पोवार, कुणबी, लोधी पत्रिका जुळवायला यांच्याकडे. टेंभरे गुरुजींनी सांगितलं म्हणजे दगडावरची रेघ.

"मग सोडलं काऊन?" मी विचारलं.

"ते त्यांनाच विचारा," मडावी म्हणाला आणि विडी पेटवायला वळला.

मी विचारलं नाही. उलट गुरुजींनीच एकदा मला विचारलं. "मॅडम, तुमच्या बौद्धांत पत्रिका पाहत नाहीत न?"

"नाही गुरुजी. वंदना होते, हार घालतात, झालं."

"मंग तुमच्यातल्या पोरी कशानं मरतात?"

मी चमकले. चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी म्हणाले, "हुंड्यानं मरतात. दारुड्या नवऱ्यानं मरतात. तुमच्यासारख्याच."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे कारण लागते फक्त," ते म्हणाले. "आम्ही वरून आणतो, एवढंच."

पुढच्या हिवाळ्यात आमगावहून एक कुटुंब गाडी घेऊन आलं. मुलाला मुलगी पसंत होती, पण तिला मंगळ निघाला होता. कुणीतरी सांगितलं की जुने टेंभरे गुरुजी अजून आहेत, त्यांचा शब्द घ्या. पेढ्यांचा डबा घेऊन आलेल्या त्या माणसांना गुरुजींनी ओटीवरही बसू दिलं नाही. म्हणाले, "बोलणं पहाडावर. चढा." बाप गाडीतच बसून राहिला. मुलगा आणि त्याची आजी मात्र चढले, मी त्यांच्या मागंच होते. आजी दर वीस पावलांना थांबायची, गुडघ्यांवर हात ठेवायची, गुरुजींच्या सात पिढ्यांना मनातल्या मनात काही म्हणायची आणि पुन्हा चढायची.

वर गुरुजींनी आपल्या पद्धतीनं, हात मागे बांधून, त्यांना मंगळ दाखवला. मुलाला दुर्बिणीतून दाखवला. म्हणाले, "पाहून घ्या. हा एवढ्या दुरून तुमच्या घरात कोण राहायचं ते ठरवून राहिला म्हणे. पोरगी चांगली आहे?"

"आहे," मुलगा म्हणाला.

"मंग खाली जाऊन बापाले सांग."

आजी दगडावर टेकली होती. तिला दम लागला होता, पण आवाज ठणठणीत होता. "आता असं बोलून राहिले गुरुजी? बिसेनाच्या पोरीचं तुम्हीच मोडलं होतं न? ते लांजीवाले माझ्या माहेरचे. मले माहीत आहे."

मी गुरुजींकडे पाहिलं. अंधारात तोंड दिसत नव्हतं. दुर्बीण मुलाच्या हातातच राहिली आणि ते वळून एकटेच उतरून गेले. दुर्बीण दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या घरी नेऊन दिली.

त्यानंतर आठ-दहा दिवस ते वर आले नाहीत. मग एका संध्याकाळी आले, देवांच्या दगडापासून जरा लांब बसले, आणि मी न विचारता बोलायला लागले.

"निर्मला माझ्याच वर्गात शिकली. दुलीचंद बिसेन माझा मित्र, त्याची एकुलती एक. लांजीचं स्थळ आलं होतं. पोरगा मास्तर. दोघांनी एकमेकांले पाहिलं होतं, पसंती होती. पोराचा बाप कुंडल्या घेऊन माझ्याकडं येणार होता. दुलीचंद आदल्या दिवशी आला. म्हणाला, हिरालाल, एक शब्द टाक, जुळते म्हण. मी म्हणालो, मी खोटं सांगत नाही."

थोडं थांबून ते म्हणाले, "याचा मले लय अभिमान होता मॅडम. मी खोटं सांगत नाही याचा."

लांजीचं मोडलं. पुढं आणखी दोन मोडली, कारण एकदा मंगळी म्हणून नाव झालं की ते पोरीच्या आधी पोचतं. निर्मला घरीच बसून राहिली. आणि माघातल्या एका संध्याकाळी, दिवे लागले असताना, ती गुरुजींच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

"मी खाटेवर बसलो होतो. ती रडत नव्हती. रागानं भी नाही आली. वर्गात प्रश्न विचारायची तसं विचारलं. 'गुरुजी, मंगळ कोणता?' मी म्हणालो, म्हणजे? तं म्हणे, 'माझ्या मागं लागला तो. मले पाहायचा आहे. कोणता आहे?'"

गुरुजी मफलरचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

"मॅडम, मी कधी वर पाहिलंच नव्हतं. पंचांगात मंगळ वृश्चिकेत होता, एवढं मले पाठ. वृश्चिक आकाशात कुठं असते, ते माहीत नाही. कागदावर सगळं बसत होतं न, वर पाहायची गरज काय. पण ती उभी होती. गुरुजीले येत नाही असं कसं होईन. डोक्यावर एक लालसर दिसला. मंगळ लाल असते हे ऐकलेलं. मी बोट दाखवलं. म्हणालो, तो."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "तिनं पाहिला. अन् विचारलं, 'खात्री आहे?' माझंच वाक्य. मी म्हणालो, आहे. ती जराशी पाहत राहिली. म्हणाली, 'दिसाले तं चांगला आहे.' अन् गेली."

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. डोंगरगडच्या पलीकडचा एक बिजवर मिळाला. वयानं बराच मोठा. त्यालाही मंगळ होता. पत्रिका गुरुजींनीच जुळवली आणि या वेळी ती उत्तम जुळली. निर्मला संध्याकाळच्या पॅसेंजरनं गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात निरोप आला की स्टोव्हचा भडका झाला. आईबाप पोचले तेव्हा तिथं राख होती.

"गावात बाया म्हणाल्या, मंगळी होती, दुसरं काय व्हायचं. मंगळी बाई नवऱ्याले खाते म्हणतात न? नवरा जिवंत आहे. त्यानं तिसरी केली." गुरुजींनी घसा साफ केला. "मी पुन्हा पुन्हा तपासलं. कुठं चुकलो असन म्हणून. गणित बरोबर होतं मॅडम. सगळं बरोबर होतं."

त्यांनी पंचांगं रद्दीत घातली आणि पन्नाशी उलटल्यावर आकाश शिकायला घेतलं. गोंदियाहून तारकांचा नकाशा आणला. सगळ्यात आधी शोधला तो त्या संध्याकाळचा लालसर ठिपका. त्याला वर्ष गेलं, कारण पुन्हा तोच महिना, तीच वेळ यावी लागली. ती रोहिणी निघाली. मंगळ त्या दिवसांत पहाटे उगवत होता.

"रोज इथं कायले येता गुरुजी?" मी विचारलं.

"दिवेलागणीले अंगणात बसवत नाही," ते म्हणाले. "ती फाटकाशी उभी राहते. दुसरं काही नाही बोलत. कोणता, एवढंच."

ते हे भूत पाहिल्यासारखं सांगत नव्हते. शेजारीण रोज पाण्याला येते, तसं सांगत होते. खाली गावात एकेक दिवा लागत होता. त्यांचं अंगण मला वरून दिसत होतं, आणि त्या दिवशी मीही त्या फाटकाकडं पाहणं टाळलं.

सरळ रस्त्याचं कोडंही मग सुटलं. त्या रस्त्यावर बिसेनांचं घर होतं. दुलीचंद वारले होते. निर्मलाची आई, सायत्राबाई, एकटी राहायची. स्टोव्हचा निरोप आला त्या दिवसापासून ती गुरुजींशी बोललेली नव्हती. मी त्या रस्त्यानं जायचे तेव्हा ती अंगणात खाटेवर बसलेली असायची, थंडीच्या दिवसांत मान वर करून, ओठ हलवत. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असेल.

काही वर्षांनी माझी बदली तिरोड्याकडं झाली. गुरुजींचा अधूनमधून फोन यायचा. बातम्या आकाशाच्याच. परवा-परवाची गोष्ट, संक्रांतीनंतर त्यांचा फोन आला. "मॅडम, चौघं एकाच वेळी येऊन राहिले. शुक्र, शनी, गुरू अन् मंगळ. या."

तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रहांच्या रांगेचं पेवच फुटलं होतं. भूकंप होणार, गरोदर बायांनी बाहेर निघू नये, पाण्यात तुळस टाकावी. गावातले लोक घाबरून गुरुजींकडे गेले होते आणि गुरुजींनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं. वर या आणि पाहा.

मी दुपारची बस धरून पोचले तेव्हा दिवस बुडत होता. सरळ रस्त्यानं पहाडाकडं निघाले, तर बिसेनांच्या फाटकात सायत्राबाई शाल पांघरून उभी. जणू कुणाची वाट पाहत होती.

"मॅडम न तुम्ही? तिरोड्याच्या?"

"हो मावशी."

"वर जाऊन राहिल्या? मंगळ दिसन म्हणतात."

"दिसेल."

तिनं फाटकाची कडी लावली. "मले धरून न्या," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला. हात हलका होता, वाळलेल्या शेंगेसारखा. चढताना ती दर वळणावर शाल सावरायची. मी विचार करत होते की गुरुजींना आधी जाऊन सांगावं का. पण तिचा हात सोडून पुढं जाता येत नव्हतं.

माथ्यावर अर्धं गाव जमलं होतं. शाळेची पोरं, बचत गटाच्या बाया, मडावीनं काटक्यांचा जाळ केलेला. पश्चिमेला शुक्र एवढा तेजस्वी की कुणाला वाट सांगावी लागत नव्हती, त्याच्या शेजारी फिकट पिवळा शनी. डोक्यावर गुरू. आणि पूर्वेला, छत्तीसगडच्या डोंगरांवर, नुकताच वर आलेला मंगळ. गुरुजी हात मागे बांधून पोरांना एकेक सांगत होते. सायत्राबाईला पाहून बायांनी वाट दिली. बोलणं आपोआप थांबलं. गुरुजींची पाठ आमच्याकडं होती. शांतता झाली म्हणून ते वळणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"कोणता?"

गुरुजी वळले नाहीत. मागे बांधलेले त्यांचे हात मला दिसत होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. मला कळलं की त्यांना क्षणभर कोण बोललं ते उमगलेलं नाही. मग ते सावकाश फिरले, आणि समोर म्हातारी बाई उभी आहे हे पाहून त्यांनी श्वास सोडला.

"वैनी," ते म्हणाले. "त्या दोन डोंगरांच्या मधात खाच आहे. तिथून सरळ वर या. लाल. लुकलुकत नाही."

तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हा नाही," ती म्हणाली.

"हाच आहे वैनी."

"हा नाही. निरूनं मले दाखवला होता. थंडीत डोक्यावर असते तो." तिनं शालीतून हात काढून सरळ वर नेला, जिथं गुरू चमकत होता. "तो मोठा नाही. त्याच्या बाजूले, लहान, लालसर. तो. गुरुजीनं दाखवला म्हणाली होती."

गुरूच्या शेजारी त्या दिवशी रोहिणी होती.

म्हाताऱ्या बाईची चूक झाली, असं म्हणून गुरुजींना सहज सुटता आलं असतं. डोळे अधू झाले असतील, इतक्या वर्षांत विसरली असेल. कुणी शंका घेतली नसती. खरं काय ते तिथं फक्त मला ठाऊक होतं, आणि मी काही बोलणार नव्हते.

"मी तिले खोटं दाखवलं वैनी," गुरुजी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, वर्गात बोलावं तसं. "मले मंगळ माहीत नव्हता."

"कुंडल्या पाहत होते तुम्ही."

"हो."

"चाळीस गावाच्या."

"हो."

"अन् मंगळ माहीत नव्हता."

"नाही."

खालून पॅसेंजर गेली. आवाज येऊन विरेपर्यंत दोघंही थांबले. सायत्राबाईही त्या आवाजाला थांबते, हे मला तेव्हा कळलं.

"मंग ते कोण आहे?" तिनं विचारलं.

"रोहिणी. तारा आहे. तिचा कोणाच्या लग्नाशी काही संबंध नाही."

"मी रोज शिव्या देत आली तिले," सायत्राबाई म्हणाली. "निरू गेली तवापासून. थंडीत रोज सांजेले, अंगणात बसून. नाही नाही ते बोलली." तिचा हात खाली आला. "तिनं काय केलं होतं बिचारीनं."

मडावीनं उगाच जाळातली काटकी सरकवली. कुणीतरी किटलीतला चहा ओतायला घेतला, पोरं पुन्हा कुजबुजायला लागली, आणि हळूहळू लोक दोघं-दोघं करत उतरू लागले. गुरुजींना कुणी काही विचारलं नाही. काही जण मात्र जाताना त्यांच्याकडं न पाहता गेले.

गुरुजी आषाढात गेले. रायपूरहून मुलगा पोचेपर्यंत गावानं सगळं आटोपलं होतं. मला मडावीचा फोन आला तेव्हा दोन दिवस उलटले होते. त्यामुळं चार ग्रहांच्या त्या संध्याकाळी आम्ही तिघं पहाड उतरलो, तेच माझं त्यांना शेवटचं पाहणं.

सायत्राबाईला चढण जमली होती, उतरण जमेना. वाटेवर सुटे दगड होते. मी तिला एका बाजूनं धरलं. गुरुजींनी खिशातून टॉर्च काढला आणि ते आमच्या पुढं झाले. पण पुढं तोंड करून चालले असते तर उजेड त्यांच्या पायापुढं पडला असता. म्हणून ते आमच्याकडं तोंड करून उलटे उतरू लागले. सत्तरी पार केलेला वाकलेला माणूस, मागं न पाहता, पायानं वाट चाचपत एकेक पाऊल मागं टाकत होता, आणि उजेड फक्त सायत्राबाईच्या पावलांवर धरत होता. दोनदा ते अडखळले. मी म्हणाले, "गुरुजी, द्या इकडं, मी धरते." त्यांनी मान हलवली. सायत्राबाई खाली उजेडात पाहत उतरत राहिली. माझ्या कानांत फक्त दगड सरकल्याचा आणि त्यांच्या धापेचा आवाज.

खाली आल्यावर गुरुजी बांधाकडं वळले नाहीत. सरळ रस्त्यानं, आता पुढं तोंड करून, पण उजेड मागं धरून, तिच्या फाटकापर्यंत आले. तिनं माझा हात सोडला. कडी काढली, आत गेली, कडी लावली. अंगण ओलांडताना तिला दिसावं म्हणून गुरुजींनी टॉर्च फाटकावरून आत धरला होता. ती दारापर्यंत पोचली. कुलूप उघडलं. मागं वळून न पाहता म्हणाली,

"टॉर्च बंद करा गुरुजी. सेल जातील."

दार लागलं. गुरुजींनी टॉर्च बंद केला. मला गावाच्या दुसऱ्या टोकाला एका बाईंकडं मुक्कामाला जायचं होतं, सकाळी पहिली बस होती. मी "येते गुरुजी" म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. वळणावरून मी मागं पाहिलं तेव्हा रस्त्यावर काळोख होता, आणि त्या फाटकाशी त्यांचा पांढरा शर्ट तेवढा दिसत होता.